मोतिया आणि डाळिंबी या दोन गाड्या घाट चढल्या त्याची हकीकत

श्री. प्रथम चाक कोणी घडविलें त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, त्या निनांवी कारागिरास पहिलें नमन. आणि मोडलें चाक टाकून न देतां ज्यांनीं ज्यांनीं तें पुन्हा बसविलें त्यांच्या काळ्या हातांस दुसरें नमन. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य तृतीया, वार रविवार, ते दिवशीं घाटांत जें वर्तमान घडलें तें पाहणारांचे मुखें ऐकोन, पदरचें कांहीं न घालतां, येथें लिहिलें आहे.

दक्षिणेस डोंगरांचे कुशींत एक राज्य आहे. त्या राज्याचे वाहनदफ्तरांतून हुकूम निघाला कीं, रस्ते भरोन गेले, जुन्या गाड्यांचा धूर पुरे जाहला, तरी जी जी गाडी जुनाट असेल ती मोडींत काढावी. परंतु पन्नास वर्षांहून जुनी, मूळ बनावटीची गाडी कोणी जिवापाड जतन केली असेल, तर तीस राज्याचा वारसा समजोन अभय द्यावें. अभयाची अट एकच. घाटाचे पायथ्यास चौकी आहे, तेथून वरील पठाराचे मैदानापर्यंत गाडीनें आपले बळें चढोन यावें. कोणी ओढूं नये, कोणी ढकलूं नये, कोणी वाहून नेऊं नये. दुपारीं बाराचा भोंगा होय तोंवर जी पोंचेल ती वांचली. जी न पोंचेल तिचा नंबर रद्द, आणि रद्द जाहलेला नंबर पुन्हा जिवंत होणें नाहीं. हा हुकूम ऐकोन राज्यांत ज्यांचे ज्यांचे घरीं जुनी गाडी होती ते लोक दुसरे दिवशीं पहाटेस उठोन, गाडीचें बॉनेट उघडोन, पाने-पक्कड घेऊन उभे राहिले.

त्यांत द्वारकाबाई मिराशी म्हणोन एक बाई होत्या. वय एकसष्ट. पेठेंत शिवणयंत्रें दुरुस्त करण्याचें त्यांचें दुकान. बिघडलेलें यंत्र टेबलावर आलें कीं बाई प्रथम कान लावीत, आणि मग स्क्रू-ड्रायव्हर उचलीत, ऐशी त्यांची रीत. पंचवीस वर्षांपूर्वीं एका बंद पडलेल्या सिनेमागृहाचे आवारांत त्यांनीं ही गाडी पाहिली. बावन्न सालची विलायती, चार सिलिंडरांची, दोन दारांची, रंग डाळिंबी. परंतु तो रंग धुळीखालीं आणि आंत कोंबड्यांची वस्ती. बाईंचे यजमान म्हणाले, "अगो, ही गाडी नव्हे, खुराडें आहे." बाई म्हणाल्या, "खुराडें असेल तर अंडीं तुम्ही खा, गाडी मी घेतें." ऐसें म्हणोन ती घरीं आणिली, आणि तीन वर्षें खपून, एकेक नट रॉकेलांत धुवोन, ती चालती केली. आणि चालती केली ती रोज चालविली. बाजारास डाळिंबी, दवाखान्यास डाळिंबी, लग्नास डाळिंबी. यजमानांस मात्र गाडी लागत असे, म्हणोन ते घरीं राहत, आणि शेजारचे आसनावर बाईंची थोरली नणंद भागीरथीबाई, जिला बाई भागूवन्सं म्हणत, ती बसे. वय बहात्तर. वेगाची भीती फार, आणि हौस त्याहून फार.

त्याच राज्यांत सर्जेराव इंगवले नामें बडे आसामी होते, लोक त्यांस दादासाहेब म्हणत. त्यांचे पदरीं जुन्या गाड्या चौदा. त्यांसाठीं संगमरवरी फरशीची गाडीशाळा बांधलेली, दारें कांचेचीं, आणि प्रत्येक गाडीवर मलमलीची चादर. त्या चौदांत एक गाडी द्वारकाबाईंच्या गाडीची सख्खी जुळी होती; तेंच साल, तीच बनावट, रंग मोतिया. राज्यांत या जातीच्या गाड्या दोनच उरल्या, एक मोतिया आणि एक डाळिंबी. मोतिया ही दसऱ्याचे दिवशीं पूजेपुरती सुरूं होई, पांच मिनिटें गुरगुरे, आणि पुन्हा चादरीखालीं जाई. तिचे बॉनेटखालीं पेट्रोल ओढणारा पंप होता, त्यावर कारखान्यानें ठोकलेलें शिशाचें सील सत्तर वर्षें जैसेंचें तैसें होतें, आणि तें सील दाखवितांना दादासाहेबांचा आवाज देवळांत बोलल्यासारखा हलका होत असे. मोतियाचीं दोन मीटरें आणि गिअरची मूठ मूळचीं नव्हतीं, एवढीच त्यांचे मनांत सल. ती पुरी करण्यास डाळिंबीचे अवयव पाहिजेत, म्हणोन ते दरसाल बाईंचे दुकानीं येत आणि म्हणत, "बाई, गाडी आम्हांस द्या. तुम्ही तिला झिजवून टाकितां." आणि बाई दरसाल म्हणत, "दादासाहेब, झिजते ती जिवंत असते." मग चहा होई आणि ते उठोन जात. बाईंस त्यांचा राग येत असे, परंतु खरें सांगावें तर त्या चहाची वाटही पाहत असत, कां कीं त्या गाडीविषयीं दोन घटका बोलावें ऐसें दुसरें मनुष्य राज्यांत नव्हतें.

ऐसा तो रविवार उजाडला. पायथ्याचे चौकीपाशीं एकंदर सतरा गाड्या जमल्या आणि बघ्यांची तर जत्राच लोटली. भजीवाले आले, फुगेवाले आले, कोणी गाड्यांस हार घातले, कोणी लिंबू-मिरची बांधिली. दादासाहेब पांढरा कोट, केशरी जरीचा फेटा, आणि मोतिया ऐशी चकाकत होती कीं लोक तिचे दारांत पाहून भांग पाडीत होते. ती चालविण्यास त्यांचा सारथी बाळकू. दादासाहेब स्वतः मागील आसनावर. द्वारकाबाईंनीं निऱ्या खोचल्या, चष्मा पुसला, डाळिंबीचे बॉनेटवर तळहात ठेविला. पहिल्यानें गाडी सुरूं केली त्या दिवशीं ठेविला होता तैसाच. भागूवन्संनीं मांडीवर छत्री आणि मनगटीं घड्याळ ठेवोन विचारिलें, "अकरा वाजतात. किती वळणें?" बाई म्हणाल्या, "अकरा." "माणसें मारशील ग तूं," ऐसें म्हणोन वन्संनीं दार घट्ट लाविलें, आणि पुढें वांकोन म्हणाल्या, "मग सोड कीं लवकर!"

चौकीदारानें निशाण खालीं केलें आणि सतरा गाड्यांनीं एकदम नाद केला, तो ऐकोन दरींतले पक्षी उठले. पहिलें वळण, दुसरें वळण, तिसरें वळण. कोणाचें पाणी उकळलें, कोणाचा क्लच गेला, एकीचें सायलेन्सर गळोन रस्त्यावर पडलें आणि ती गाडी बंदुकीसारखी वाजत वाजत तैसीच पुढें गेली, आणि लोकांनीं टाळ्यांचा गजर केला. डाळिंबी मात्र गोड चालत होती. बाईंचा कान इंजिनाकडे; चारी सिलिंडर एका तालावर, जणूं चांगलें तेल घातलेलें शिवणयंत्र. सहा वळणें जाहलीं. सातवें वळण घेतां घेतां गाडीनें एक आंचका दिला, मग दुसरा, मग घशांत घांस अडकल्यासारखा आवाज जाहला आणि ती उभी राहिली. बाईंनीं हातब्रेक ओढिला, उतरोन बॉनेट उघडिलें, पंपावर बोट ठेविलें, आणि बोटास पेट्रोल लागलें. पंपाचे पोटांत एक पडदा असतो, तो हालतो तेव्हां पेट्रोल ओढिलें जातें. तो पडदा फाटला होता. तेवढ्यांत मागून मोतिया आली. रस्ता अरुंद, म्हणोन हळू जाहली, आणि कांचेंतून दादासाहेब म्हणाले, "काय जाहलें, बाई?" बाई म्हणाल्या, "पंप गेला." दादासाहेबांचे मुखावर दुःख आणि दुसरेंही कांहीं ऐसें एकदम दिसलें. "आतां तरी गाडी आम्हांस देण्याचा विचार करा. वरून माणूस पाठवितों," ऐसें म्हणोन ते पुढें गेले. भागूवन्सं म्हणाल्या, "मेल्याची जीभ बघ कशी तुपांत घोळली आहे!"

परंतु जी गाडी रोज चालते तिचे मालकाकडे उपाय तयार असतो. बाईंनीं डिकींतून प्लास्टिकचा पांच लिटरांचा डबा आणि रबरी नळी काढिली, टाकींतून पेट्रोल डब्यांत उतरविलें, डबा टपावर चढविला, नळी तोंडानें ओढोन सुरूं केली आणि दुसरें टोक थेट कार्बोरेटरास जोडिलें. पेट्रोल आपले वजनानें खालीं उतरतें, त्यास पंप कशाला? वन्संनीं कांचेंतून हात वर काढोन डबा धरिला, आणि डाळिंबी खोंकली, थुंकली, आणि गर्जना करोन चालूं लागली. "अकरा सत्तावीस!" ऐसें वन्सं ओरडल्या. आतां वाट मोकळी, चारच वळणें, विजय मुठींत.

आठवें वळण घेतलें तों काय पाहतात? वळणापलीकडे मोतिया आडवी उभी. बाळकू डोकें खाजवीत बाजूस, आणि दादासाहेब बॉनेट उघडोन आंत पाहत आहेत. परंतु पाहण्याची तऱ्हा ऐशी, जैसें कोणी परगांवचे आजारी नातलगास भेटावयास जातें आणि काय बोलावें तें सुचत नाहीं. डाळिंबी बाजूनें निघोन जाईल इतकी जागा होती. वन्सं म्हणाल्या, "चल ग, चल! थांबूं नकोस! त्यानें थांबविली का स्वतःची?" बाईंनीं वेग कमी केला नाहीं. मोतियाचे बरोबरीस आल्या. आणि तेथें, एका नजरेंत, त्यांस आपलेच गाडीचें तोंड दिसलें. तेच गोल दिवे, तीच जाळी, तोच नाकाचा बांक. राज्यांत दोनच. आज बारा वाजतां एकच उरेल. पुढें आयुष्यभर एकटीच डाळिंबी, तिजसारखें दुसरें कोणी नाहीं, आणि दरसालचा तो चहाही नाहीं. बाईंचा पाय ब्रेकवर गेला. वन्संनीं कपाळावर हात मारून घेतला.

बाई उतरोन म्हणाल्या, "सरा." दादासाहेब सरले. बाईंनीं पंपाखालची कांचेची वाटी फिरवोन काढिली, उन्हांत धरिली. आंत गेरूसारखा तांबडा गाळ. "दादासाहेब, टाकी कधीं धुतली?" दादासाहेब म्हणाले, "टाकी बाहेरून रोज पुसतों." "आंत गंज आहे. घाटाचे हिसक्यांनीं तो उठला आणि नळी तुंबली. इंजिन निरोगी, पंप निरोगी, पण पेट्रोल येईना." दादासाहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "मग काय करावें?" बाई ऐशा झपाट्यानें बोलूं लागल्या कीं ऐकणाराचा श्वास राहीना. "माझे टाकींत पेट्रोल स्वच्छ आहे पण पंप मेला. तुमचा पंप जिवंत आहे पण टाकी मेली. डबा एक, नळी एक. डबा तुमचे टपावर चढवूं, तुमचा पंप मला द्या. माझा मेलेला पंप तुमचे इंजिनाचे उघड्या भोंकावर बुचासारखा बसवूं, म्हणजे तेल सांडणार नाहीं. दोन्ही जातील."

दादासाहेब म्हणाले, "पण सील?"

"तोडावें लागेल."

"बाई, हें शिसें कारखान्यांतून निघालें तैसें आहे. सत्तर वर्षांत कोणाचा हात लागला नाहीं."

"म्हणोनच तिची कोणास ओळख नाहीं, दादासाहेब. तुम्हांसही नाहीं."

या शब्दांनीं दादासाहेबांचा चेहरा उतरला. घाटांत वारा वाहत होता, खालून एक लाल एस.टी. येऊन मागें अडकली होती, तिचे उतारू उतरोन तमाशा पाहत होते, आणि कोणी एक म्हणाला, "धक्का देऊं का?" त्याबरोबर भागूवन्सं छत्री उगारून ओरडल्या, "खबरदार! हात लावाल तर बाद होईल!" दादासाहेबांनीं कोट काढिला, बाळकूचे अंगावर टाकिला, हात पुढें केला आणि म्हणाले, "पक्कड द्या. मीच तोडतों." सीलाची तार तुटली तेव्हां बारीकसा टक् आवाज जाहला, आणि त्यांनीं डोळे मिटले, आणि उघडले, आणि आश्चर्य कीं गाडी जागचे जागीं होती, आभाळही पडलें नव्हतें.

मग जी धांदल उडाली ती काय वर्णावी! बाईंचे हात शिवणयंत्रावर चालत तैसे चालले. दोन बोल्ट इकडचे, दोन बोल्ट तिकडचे, पाना तोंडांत, पुन्हा हातांत. वन्सं दर मिनिटास वेळ पुकारीत. अकरा अडतीस! अकरा एक्केचाळीस! मोतियाचा पंप डाळिंबीस बसला, डाळिंबीचा मोतियास. डबा टपावर चढविला, परंतु बांधावयास दोर नाहीं. बाळकू म्हणाला, "दादासाहेब, रंगावर ओरखडा येईल." दादासाहेब गरजले, "ओरखड्याच्या बैलाला!" आणि त्यांनीं डोईचा केशरी जरीचा फेटा सोडिला, आणि तो नऊ हात लांब, एका कांचेंतून घालून टपावरून दुसरे कांचेंतून काढिला, डबा करकचून आंवळिला आणि नळी कार्बोरेटरास लाविली. अकरा सत्तेचाळीस. डाळिंबी एका फेऱ्यांत सुरूं जाहली. मोतिया दोनदा रुसली, तिसऱ्यानें बोलली.

आतां मागचे आसनावर बसण्याची सोय नव्हती. नळी निसटूं नये म्हणोन दादासाहेब पुढें बसले, कमरेपर्यंत कांचेबाहेर वांकले, आणि एक हात बॉनेटचे फटींत नळीवर. पुढें डाळिंबी, मागें मोतिया, त्यामागें एस.टी., आणि कंडक्टर बेल वाजवीत आहे आणि उतारू खिडक्यांतून ओरडत आहेत. नववें वळण. दादासाहेबांनीं बावीस वर्षें ही गाडी बाळगिली, परंतु चढावर ती कैसा आवाज करिते तें त्यांनीं जन्मांत ऐकिलें नव्हतें. तो आवाज त्यांचे हातांतून चढला, छातींत शिरला, आणि पुढील गाडीचा तोच आवाज कड्यावर आदळोन परत आला, तेव्हां चार आणि चार, आठ सिलिंडरांचें जणूं एकच इंजिन जाहलें. बाईंनीं आरशांत पाहिलें तों दादासाहेब डोईचे पांढरे केस उडत असतां, तोंड उघडें टाकोन, लहानपणीं झोका खेळावा तैसे ओरडत आहेत, "बाळकू, ऐक रे! ऐक! गाते आहे ती!" बाईही हंसल्या, आणि हंसतां हंसतां गिअर बदलिला. दहावें वळण. "अकरा पंचावन्न!" अकरावें वळण भयंकर उभें, तेथें डबा कलंडला, नळींत बुडबुडा शिरला, आणि मोतिया गचके देऊं लागली. एस.टी.चे उतारू न राहवोन धांवत निघाले, पण वन्संनीं डाळिंबीचे कांचेंतून अर्धें अंग बाहेर काढोन छत्री ऐशी फिरविली कीं ते वीस हात मागें हटले. दादासाहेबांनीं डबा मुठीनें सरळ धरिला, बुडबुडा गेला, मोतियानें श्वास घेतला आणि वळण घेतलें.

पठाराचे मैदानावर चुन्याची रेघ आंखली होती. तेथें सरकारी तपासनीस सादिक मुल्ला खुर्ची टाकोन बसले होते. डाळिंबी रेघेपार जाहली अकरा अठ्ठावन्नास. बाई गाडी सोडोन मागें धांवल्या. मोतिया येत होती, येत होती, आणि तिचीं पुढील दोन चाकें रेघेपार पडलीं त्याच क्षणीं भोंगा जाहला, आणि मागील दोन चाकें अलीकडेच राहिलीं. मुल्लासाहेब उठले, वांकोन चाकें पाहिलीं, टपावरील डबा पाहिला, फेटा पाहिला. "हें काय आहे?" बाई म्हणाल्या, "पेट्रोल आहे, साहेब. ओढिली नाहीं, ढकलिली नाहीं, वाहून आणिली नाहीं." "तें ठीक. पण मागचीं चाकें बाहेर आहेत." भागूवन्सं पुढें होऊन म्हणाल्या, "अहो, तुमचे घरीं पाहुणा येतो तो दोन्ही पाय एकदम टाकतो काय?" लोक खदखदां हंसले. मुल्लासाहेबांनीं मिशींत हंसूं दाबलें आणि म्हणाले, "उंबऱ्याच्या आंत पाऊल पडलें म्हणजे पाहुणा आला. लिहा, पोंचली." मग बॉनेटखालीं पाहून म्हणाले, "पण दादासाहेब, तुमचे गाडीचे इंजिनास 'अस्पर्श' म्हणोन विशेष मान मिळणार होता. येथें सील तुटलें आहे, पंपही दुसराच. तो मान आतां देतां येत नाहीं." दादासाहेब म्हणाले, "नका देऊं. पण कोणी तोडलें तेंही लिहा. माझें नांव लिहा."

पुढील आठ दिवस दादासाहेब बाईंचे दुकानीं येत राहिले. मोतियाची टाकी उतरविली, तींत रॉकेल आणि नदींतली बारीक खडी घातली, आणि ती टाकी त्यांनीं स्वतः मांडीवर घेऊन घटका घटका हालविली; हातांस फोड आले ते यजमानांस दाखविले, बाईंस दाखविले, शेजारचे टेलरास दाखविले. डाळिंबीस नवा पडदा बसला, पंप ज्याचा त्यास गेला. त्यानंतर बाईंनीं दादासाहेबांस पंधरा दिवस गाडी शिकविली, कां कीं त्यांस ती नीट चालवितां येत नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनीं आजवर कोणासही सांगितली नव्हती. मग एके रविवारीं ते बाळकूस न घेतां मोतिया काढोन एकटे गेले, आणि सोमवारीं आले नाहींत. मंगळवारीं सकाळीं त्यांच्या पत्नी यमुनाबाईसाहेब घाबऱ्याघुबऱ्या द्वारकाबाईंचे दुकानीं आल्या, तों तेथेंच बाईंचा फोन वाजला.

"दादासाहेब, कोठें आहां?"

"ठाऊक नाहीं. गांवाचें नांव विचारावयाचें राहिलें. समोर समुद्र आहे."

"आणि गाडी?"

दादासाहेब मोठ्या अभिमानानें म्हणाले, "बाई, गाडी बहुत मळली आहे."

येणेंप्रमाणें दोन्ही गाड्या वांचल्या. सतरांतील अकरा चढल्या, सहा राहिल्या, त्यांचे मालकांचें दुःख थोर, तें लिहिण्यास हा कागद अपुरा. डाळिंबी अद्याप बाजारास जाते. मोतिया दादासाहेबांस घेऊन आज कोठें फिरत आहे हें नेमकें सांगतां येत नाहीं. लिहिणारानें दोन्ही गाड्यांत बसोन पाहिलें आहे. खरें तेंच लिहिलें. इति.